बुबुळावरील व्रण : कारणे, उपचार आणि पहिल्या दिवसाचे महत्त्व

भाताच्या लोंबीचे कुसळ, उसाचे धारदार पान, माडाच्या झावळीचे टोक किंवा ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्याला लागणे ही शेतात आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना किरकोळ बाब वाटते. डोळा चुरचुरतो, पाणी वाहते, माणूस डोळा चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा असा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरूनही येतो. काही वेळा मात्र त्याच ओरखड्यातून जंतू आत शिरतात, डोळा लाल होतो, ठणका लागतो आणि बुबुळावर पांढुरका ठिपका उमटतो. या विकाराला बुबुळावरील व्रण किंवा कॉर्नियल अल्सर म्हणतात. जंतुसंसर्गामुळे कॉर्नियाला येणाऱ्या दाहास वैद्यकशास्त्रात केराटायटिस अशी संज्ञा आहे. वेळेवर आणि योग्य उपचार झाल्यास बरेच रुग्ण चांगली दृष्टी राखतात. उपचारास विलंब झाला किंवा चुकीचे थेंब घातले गेले, तर व्रण बरा होऊनही डोळ्यात कायमचे फूल पडते आणि क्वचित डोळाही गमवावा लागतो.

भारतात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात ५० वर्षांवरील व्यक्तींमध्ये मोतीबिंदूच्या खालोखाल कॉर्नियाची अपारदर्शकता हे अंधत्वाचे प्रमुख कारण आढळले. ५० वर्षांखालील वयोगटात तर ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. कॉर्नियावर पडलेला दाट डाग मात्र कोणत्याही थेंबांनी पुसला जात नाही. म्हणून या विकारात सारा भर व्रण पसरू न देण्यावर असतो.

कॉर्नियाची रचना

डोळ्याच्या काळ्या किंवा तपकिरी भागावर घड्याळाच्या काचेसारखे बसलेले पारदर्शक आवरण म्हणजे कॉर्निया. मराठी परिभाषेत त्याला स्वच्छमंडल असे नाव आहे. त्याचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर, तर मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवून एकत्र आणण्याचे बरेचसे काम हेच आवरण करते.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळेच तो पारदर्शक राहतो. त्याला प्राणवायू मुख्यतः अश्रूंच्या थरातून आणि पोषण आतील द्रवातून मिळते. या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, संसर्ग झाल्यावर रक्तातून येणाऱ्या संरक्षक पेशी तेथे पोहोचण्यास वेळ लागतो. पोटात घेतलेले किंवा शिरेतून दिलेले औषधही तेथे पुरेशा प्रमाणात सहज पोहोचत नाही. थेट डोळ्यात घालावयाचे थेंब हाच म्हणून उपचाराचा मुख्य आधार ठरतो.

कॉर्नियाचा सर्वांत बाहेरचा पेशीथर जंतूंना रोखून धरणारा बांध आहे. तो अखंड असेपर्यंत अगदी थोडेच जंतू आत शिरू शकतात. ओरखडा, दीर्घकाळ कोरडा राहणारा डोळा, पूर्ण न मिटणारी पापणी, आत वळलेल्या पापणीचे घासणारे केस किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा गैरवापर यांमुळे हा बांध फुटतो. त्याखालचा स्ट्रोमा नावाचा थर कॉर्नियाच्या एकूण जाडीच्या सुमारे नऊ दशांश असतो. कोलॅजनच्या तंतूंची अत्यंत नेटकी मांडणी हे त्याच्या पारदर्शकतेचे रहस्य आहे. जंतूंनी आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराच्या पेशींनी मिळून ही मांडणी विस्कटली की, भरून आलेल्या जागी पांढरा डाग उरतो. वरचा पेशीथर पूर्ववत वाढू शकतो, परंतु स्ट्रोमाची मूळ मांडणी पुन्हा तशीच होत नाही.

कोणते जंतू कारणीभूत असतात

जिवाणू, बुरशी, विषाणू आणि अमीबावर्गीय एकपेशीय जीव या चारही प्रकारांमुळे असा संसर्ग होतो. कोणत्या भागात कोणता प्रकार अधिक आढळेल, हे हवामान आणि लोकांचा व्यवसाय यांवर अवलंबून असते. थंड हवेच्या देशांत जिवाणूंचे प्रमाण अधिक असते. उष्ण आणि दमट शेतीप्रधान प्रदेशात बुरशीचा वाटा मोठा असतो.

या बाबतीत दक्षिण भारतातील मदुराई येथे झालेला अभ्यास प्रमाण मानला जातो. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ साली तीन महिन्यांत आलेल्या ४३४ रुग्णांची तपासणी त्यात करण्यात आली. त्यांपैकी ६५.४ टक्के रुग्णांच्या डोळ्याला आधी इजा झाली होती. ज्यांच्या नमुन्यांत जंतूंची वाढ झाली, त्यांच्यातील ४७.१ टक्के रुग्णांना निव्वळ जिवाणूंचा, तर ४६.८ टक्के रुग्णांना निव्वळ बुरशीचा संसर्ग होता. म्हणजे दोन्ही कारणे जवळपास समसमान होती. जिवाणूंमध्ये न्यूमोकॉकस, तर बुरशींमध्ये फ्युझेरियम आणि त्यानंतर ॲस्परजिलस यांचे प्रमाण सर्वाधिक होते. फ्युझेरियम ही माती आणि वनस्पतींवर सर्रास वाढणारी बुरशी आहे. कुसळ किंवा पान डोळ्याला लागते, तेव्हा ओरखड्यासोबत तिचे बीजाणूही डोळ्यात जाऊ शकतात.

मदुराई जिल्ह्यात दरवर्षी लाख लोकसंख्येमागे ११३ जणांना असा व्रण होतो, असा अंदाज १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात हेच प्रमाण लाखामागे ११ होते. गोव्याची खाजने, कोकणपट्टीतील भातशेती आणि बेळगाव परिसरातील ऊसशेती यांचे दमट हवामान आणि कामाचे स्वरूप पाहता येथील शेतकऱ्यालाही हा धोका परका नाही.

शहरी तरुणांमध्ये कॉन्टॅक्ट लेन्स हे मोठे कारण आहे. लेन्स लावूनच झोपणे, ती नळाच्या पाण्याने धुणे, लेन्ससह पोहणे आणि लेन्सची डबी महिनोन्महिने न बदलणे या सवयींमुळे स्यूडोमोनास हा जिवाणू किंवा अकांथामीबा हा पाण्यात व मातीत राहणारा जीव डोळ्यात शिरतो. स्यूडोमोनासचा संसर्ग अत्यंत वेगवान असतो. एक-दोन दिवसांत तो कॉर्निया वितळवू शकतो.

डोळे येणे आणि व्रण यांतील फरक

डोळे येण्याच्या साथीत बहुधा दोन्ही डोळे लाल होतात, चिकट घाण येते आणि खाज सुटते, पण ठणका फारसा नसतो आणि घाण पुसल्यावर नीट दिसते. व्रणात बहुधा एकच डोळा दुखतो. प्रकाश सहन होत नाही, सतत पाणी येते, पापणी उघडवत नाही आणि नजर अंधूक होते. बुबुळावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसतो. संसर्ग वाढल्यावर बुबुळाच्या आत, खालच्या बाजूला पुवाची पांढरी रेघ साचलेली दिसू शकते.

यातील एका अपवादाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. नागीण विषाणूच्या संसर्गात कॉर्नियाची संवेदना मंदावते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांतही ती कमी झालेली असू शकते. अशा रुग्णाला व्रण मोठा असूनही वेदना बेताच्याच जाणवतात. दुखत नाही म्हणून थांबणे त्यांच्या बाबतीत घातक ठरते.

तपासणी कशी होते

नेत्रतज्ज्ञ प्रथम स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकातून डोळा पाहतात. फ्लुरोसिन नावाचे केशरी रंगद्रव्य डोळ्यात घालून निळा प्रकाश टाकला की, जेथे पेशीथर उखडला आहे तो भाग हिरवा चमकतो. नागीण विषाणूचा व्रण फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसतो. बुरशीच्या व्रणाच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि मुख्य ठिपक्याभोवती छोटे ठिपके आढळतात. तरीही केवळ डोळ्यांनी पाहून जिवाणू की बुरशी हे ठरविताना अनुभवी तज्ज्ञांचाही अंदाज चुकू शकतो.

म्हणून मोठ्या किंवा मध्यभागी असलेल्या व्रणाचा नमुना घेतला जातो. डोळा बधिर करून व्रणाची कड आणि तळ हळुवार खरवडतात. हा नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशीचे तंतू काही मिनिटांत दिसू शकतात. ग्रॅम पद्धतीच्या रंगप्रक्रियेने जिवाणू ओळखता येतात. उरलेला नमुना जंतूंच्या वाढीसाठी प्रयोगशाळेत ठेवतात. जिवाणूंची वाढ साधारण दोन दिवसांत कळते, तर बुरशीला आठवडा किंवा अधिक काळ लागू शकतो. रुग्णाने आधीच औषध घातले असल्यास जंतूंची वाढ होत नाही आणि निदान अवघड होते. आधी वापरलेल्या प्रत्येक औषधाची बाटली सोबत नेणे यासाठीच महत्त्वाचे असते.

जिवाणूंवरील उपचार

जिवाणूंचा संसर्ग असल्यास मॉक्सिफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाचे थेंब देतात. व्रण मोठा व खोल असल्यास सेफाझोलिन आणि टोब्रामायसिन यांची नेहमीपेक्षा तीव्र द्रावणे तयार करून दोन्ही आलटून पालटून घालतात. सुरुवातीचे ४८ तास दर तासाला, रात्रीही, थेंब घालावे लागतात. अश्रू औषध वाहून नेतात आणि त्याची मात्रा झपाट्याने घटते, हे त्याचे कारण होय. रात्रीचे थेंब चुकवले की, जंतूंना तेवढी मोकळीक मिळते. घरी हे जमणार नसेल, तर रुग्णाला रुग्णालयात दाखल करतात.

बाहुली विस्फारणारे ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन हे थेंबही दिले जातात. त्यांनी आतील स्नायूंचा आचका थांबून वेदना कमी होतात. संसर्ग झालेला डोळा पट्टीने बांधून ठेवत नाहीत. बंद डोळ्याच्या उबेत जंतू अधिक वाढतात आणि औषधही घालता येत नाही.

बुरशी, अमीबा आणि विषाणूंवरील उपचार

बुरशीवर नॅटामायसिन हे औषध मुख्य मानले जाते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते १९५० च्या दशकात मिळाले आणि प्रांताच्या नावावरूनच त्याला नाव पडले. पाच टक्के तीव्रतेचे हे दुधाळ थेंब बाटली हलवूनच वापरावे लागतात. औषध कॉर्नियात खोलवर शिरत नाही, म्हणून व्रणाचा पृष्ठभाग वेळोवेळी खरवडावा लागतो. उपचार अनेक आठवडे चालतो. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून औषध सोडणे ही रुग्णांकडून होणारी नेहमीची चूक आहे.

व्होरिकोनॅझोल हे नवे औषध आले, तेव्हा ते जुन्या नॅटामायसिनपेक्षा सरस ठरेल अशी अपेक्षा होती. अरविंद नेत्र रुग्णालय आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रॉक्टर प्रतिष्ठान यांनी ३२३ रुग्णांवर तुलना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नॅटामायसिन घेतलेल्यांची दृष्टी अधिक चांगली राहिली. फ्युझेरियमच्या रुग्णांत तर हा फरक दृष्टितक्त्यावरील सुमारे चार ओळींचा होता. व्होरिकोनॅझोल गटात कॉर्नियाला छिद्र पडण्याचे किंवा तातडीने प्रत्यारोपण करावे लागण्याचे प्रमाणही अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नॅटामायसिनचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

बुरशीसारखाच दिसणारा पिथियम नावाचा जीव भारतातील तज्ज्ञांच्या अलीकडे विशेष नजरेत आला आहे. प्रत्यक्षात तो बुरशी नाही. त्याच्या पेशीआवरणात बुरशीनाशके ज्याला लक्ष्य करतात तो एर्गोस्टेरॉल हा घटक नसल्याने नॅटामायसिन त्यावर निष्प्रभ ठरते. लिनेझोलिड आणि ॲझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरील औषधे त्यासाठी वापरली जातात. बुरशीचे औषध देऊनही व्रण वाढत राहिल्यास फेरतपासणी का करावी लागते, हे यावरून लक्षात येते.

अकांथामीबाच्या संसर्गात दिसणाऱ्या व्रणाच्या मानाने वेदना फार तीव्र असतात. हा जीव कठीण कवच धारण करून सुप्त राहतो. त्यामुळे पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडिनचे सौम्य द्रावण कित्येक महिने घालावे लागते. नागीण विषाणूवर असायक्लोव्हिरचे मलम किंवा गोळ्या देतात. हा विषाणू मज्जातंतूत दडून राहतो आणि पुन्हा उसळतो. वारंवार त्रास होणाऱ्यांना असायक्लोव्हिरची गोळी वर्षभर दिल्यास पुनरुद्भवाचे प्रमाण घटते, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९९८ मध्ये दाखविले.

स्टेरॉइडच्या थेंबांचा धोका

लाल डोळ्यासाठी फार्मसीतून चिठ्ठीविना घेतलेल्या थेंबांत अनेकदा प्रतिजैविकासोबत स्टेरॉइडही असते. स्टेरॉइडने लाली आणि ठणका पाहता पाहता कमी होतो. रुग्णाला औषध लागू पडल्यासारखे वाटते. वस्तुतः शरीराची प्रतिकारशक्ती तेवढी दबलेली असते. बुरशी किंवा नागीण विषाणू असेल, तर तो निर्धास्तपणे खोल पसरतो. पुन्हा दुखू लागेपर्यंत व्रण बराच आत गेलेला असतो.

जिवाणूंचा संसर्ग आटोक्यात आल्यावर डाग कमी पडावा म्हणून स्टेरॉइड द्यावे का, हा तज्ज्ञांमधील जुना वाद होता. ५०० रुग्णांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. प्रतिजैविकाला स्टेरॉइडची जोड दिल्याने तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदरीत फरक पडला नव्हता. विषाणूच्या काही प्रकारांत आणि निवडक रुग्णांत तज्ज्ञ स्टेरॉइड देतात, पण जंतूची खात्री झाल्यावर आणि योग्य औषधाच्या आवरणाखालीच. एरंडेल, मध, पाल्याचा रस किंवा आईचे दूध डोळ्यात घालणेही असेच धोक्याचे आहे. ही द्रव्ये निर्जंतुक नसतात आणि उघड्या जखमेत नवे जंतू सोडतात.

औषधे अपुरी पडल्यास

व्रण खोल जाऊन कॉर्नियाला बारीक छिद्र पडल्यास सायनोॲक्रिलेट जातीच्या वैद्यकीय डिंकाने ते तात्पुरते बुजवतात. छिद्र मोठे असल्यास किंवा औषधांना दाद न देणारा संसर्ग पांढऱ्या भागाकडे सरकू लागल्यास संसर्गित कॉर्निया कापून त्या जागी दात्याचा कॉर्निया बसवतात. या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू डोळा वाचविणे हा असतो, दृष्टी हा त्यानंतरचा. दाह असलेल्या डोळ्यात कलम नाकारले जाण्याची शक्यता अधिक असते. व्रण भरून डाग उरल्यावर शांत डोळ्यात केलेल्या प्रत्यारोपणाचे फळ तुलनेने चांगले मिळते.

मानवी कॉर्नियाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण एदुआर्द त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी सध्याच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे केले. चुन्याने डोळे भाजलेल्या मजुराला त्यांनी दृष्टी मिळवून दिली. आजही कॉर्नियाची उपलब्धता सर्वस्वी नेत्रदानावर अवलंबून आहे. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक कॉर्निया काढून घेते. चष्मा, मधुमेह, उतारवय किंवा झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांची नेत्रदानास आडकाठी नसते. देशभर २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळला जातो.

भक्तपूरचा अनुभव

व्रण होण्याआधीच तो टाळता येईल का, याचा शोध नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात घेण्यात आला. गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना कॉर्नियावरील ओरखडा ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. ओरखडा आढळला की, ते क्लोरॅम्फेनिकॉलचे एक टक्का मलम लावत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मलम दिलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांची जखम संसर्गाविना भरली. त्यातही वेळेचा हिशेब विशेष बोलका होता. इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना तो झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी मात्र १४ जणांना व्रण झाला.

या पाहणीत तुलनेसाठी मलम न दिलेला गट नव्हता. नेपाळमध्येच पुढे अशा गटासह झालेल्या मोठ्या चाचणीत गावपातळीवर व्रणांचे एकूण प्रमाण घटल्याचे आढळले नाही. त्यामुळे मलम वाटले की प्रश्न सुटला, असा अर्थ काढता येत नाही. उशिराने येणाऱ्याचा धोका किती झपाट्याने वाढतो, एवढे मात्र भक्तपूरच्या आकड्यांतून दिसते.

इजा झाल्यावर काय करावे

डोळ्याला कुसळ, पान किंवा कण लागल्यास डोळा चोळू नये. धूळ गेली असल्यास स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा. चुना किंवा रसायन गेल्यास भरपूर पाण्याने निदान १५ ते ३० मिनिटे सतत धुवावा आणि लगेच रुग्णालय गाठावे. रुतलेला कण सुईने, काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढण्याचा प्रयत्न करू नये. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास काढून ठेवावी आणि डबीसह तपासणीला न्यावी, कारण तिच्यावरूनही जंतू ओळखता येतो.

त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या जिल्हा रुग्णालयात जावे. गोव्यात बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात नेत्रविभाग आहे. घरात उरलेले जुने थेंब किंवा शेजाऱ्याला लागू पडलेले औषध घालू नये. कापणी, मळणी, झाडांची छाटणी आणि ग्राइंडिंग या कामांच्या वेळी साधा संरक्षक चष्मा वापरल्यास बहुतेक इजा टळतात. डोळा लाल असून ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधूक झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर सकाळ होण्याची किंवा आठवड्याच्या बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.